एकच खरेदीदार : कापसाचा आणि खेळाडूंचा

बुलढाणा जिल्ह्यातील वडीलधाऱ्या कापूस उत्पादकाला 'एकाधिकार' हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातील कापसाला शासनाची यंत्रणा हा एकच अधिकृत गिऱ्हाईक उरला. खामगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद येथील केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत, ग्रेडर बोंडाला हात लावून प्रत ठरवी, आणि चुकाऱ्याची वाट पाहण्यात शेतकऱ्याचा उन्हाळा जाई. ग्रेडरने जी प्रत सांगितली ती मान्य नसेल तर गाडी परत घरी न्यावी, एवढेच स्वातंत्र्य विक्रेत्याला होते.

तरीही त्या योजनेत आणखी एक, कायद्याला मंजूर नसलेले स्वातंत्र्य होते. जळगाव जामोदच्या शेतकऱ्याला सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूरची बाजारपेठ होती. मध्य प्रदेशात भाव चढा असला की बंदी झुगारून रात्रीच्या अंधारात कापूस सीमेपार जाई. महाराष्ट्रातील खरेदीदाराने फार कमी भाव दिला तर माल निघून जातो, हे मुंबईतील मंत्रालयालाही ठाऊक होते. भाव ठरविताना विधिमंडळातील आमदारांबरोबरच हा सीमेपलीकडचा व्यापारीही न बोलावता हजर असे. एकाच खरेदीदाराच्या बाजारात विक्रेत्याचे बळ या दोनच गोष्टींतून येते : त्याला दुसरीकडे जाता येते की नाही, आणि जाता येत नसेल तर त्याच्या वतीने बोलणारी संघटना आहे की नाही. जेथे या दोन्ही गोष्टी नाहीत, तेथे भाव हा भाव राहत नाही. तो केवळ एका बाजूने केलेली घोषणा ठरतो.

ही जुनी उजळणी करण्याचे कारण कापूस नाही. त्याच शेतकऱ्याचा नातू आज ज्या खेळात नाव काढण्याची आकांक्षा धरतो, त्या कबड्डीच्या बाजाराची रचना नेमकी अशीच झाली आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणी प्रश्न विचारीत नाही. घाटावरची गावे असोत की घाटाखालची, गावच्या मैदानावर रात्रीच्या दिव्यांखाली होणारे सामने आणि घरच्या दूरचित्रवाणीवर दिसणारे सामने हे दोन्ही एकाच खेळाचे आहेत. पण पहिल्यांतून दुसऱ्यांकडे जाण्याचा रस्ता एकाच दरवाजातून जातो आणि त्या दरवाजावर एकाच कंपनीचा पहारा आहे.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. ती चालविणारी मशाल स्पोर्ट्स ही कंपनी आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांनी उभी केली. २०१५ साली स्टार इंडिया या प्रक्षेपण कंपनीने तिचे ७४ टक्के भाग विकत घेतले. प्रारंभी आठ असलेले संघ २०१७ पासून बारा झाले. प्रत्येक संघाचा मालक निराळा आहे, पण मजुरीच्या बाजारात हे बारा मालक बारा स्वतंत्र गिऱ्हाइके नाहीत. प्रत्येकाने खेळाडूंवर किती खर्च करावा याची कमाल मर्यादा लीग ठरविते. २०२३ साली झालेल्या दहाव्या हंगामाच्या लिलावात ती ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी रुपये करण्यात आली. खेळाडूंची अ, ब, क, ड अशी प्रतवारी होते आणि अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख अशी पायाभूत किंमत त्यांच्या नावापुढे लिहिली जाते. काही खेळाडू संघाला लिलावापूर्वीच राखून ठेवता येतात. लिलावात गेलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली अखेरची बोली मान्य करून जुन्या मालकाला त्याला परत घेण्याची मुभाही असते. या सर्व व्यवहारात कोणत्या शहरासाठी, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळावयाचे हे ठरविण्याचा अधिकार एका माणसाला मात्र नाही : ज्याची किंमत होत आहे त्याला. केंद्रावरचा ग्रेडर आठवावा अशीच ही रीत आहे.

लिलावाच्या दिवशी वृत्तपत्रांत कोटींचे आकडे झळकतात आणि सामान्य वाचकाची समजूत होते की कबड्डीपटूंचे दैन्य संपले. आकडे खोटे नाहीत. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते; २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. पण एकूण थैली ५ कोटींचीच असल्यामुळे या एका बोलीनंतर त्या संघाच्या उरलेल्या सर्व खेळाडूंसाठी २ कोटी ४० लाखही शिल्लक राहिले नाहीत. किमान अठरा जणांचा संघ धरला तर उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख येतात. त्या हंगामात हा संघ तळाला राहिला. कमाल मर्यादेखाली एका तारांकित खेळाडूचा पगार वाढतो तो मालकाच्या नफ्यातून नव्हे, तर त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या बचावपटूच्या ताटातून. मजुरांची मजुरांशी स्पर्धा लावून देण्याची ही पद्धत कारखानदारीइतकीच जुनी आहे.

आता दुसरा हिशोब पाहावा. बारा संघ आणि प्रत्येकी ५ कोटी म्हणजे लिलावातून सर्व खेळाडूंना मिळू शकणारी कमाल रक्कम ६० कोटी होते. २०२१ साली या लीगचे पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क सुमारे ९०८ कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे हंगामाला १८१ कोटींहून अधिक. जाहिरातदार, प्रायोजक आणि तिकिटे बाजूला ठेवली, तरी केवळ या एका उत्पन्नाच्या एकतृतीयांशाइतकीच खेळाडूंच्या वेतनाची कमाल मर्यादा भरते. मर्यादा ४ कोटी ४० लाख होती तेव्हा हे प्रमाण आणखी कमी होते. बक्षिसांची रक्कम वेगळी मिळते हे खरे, परंतु ती जिंकणाऱ्यांची असते, सर्वांची नसते. शिवाय हक्क विकणाऱ्या कंपनीचा बहुसंख्य भागधारक आणि हक्क विकत घेणारी कंपनी ही दोन्ही स्टारच होती. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या रकमेवरून खेळाची खरी बाजारकिंमत कळत नाही. ती वाढवून किंवा घटवून दाखविणे एकाच घराच्या हाती राहते, आणि खेळाडूला तो जमाखर्च पाहण्याचा हक्क नाही.

अर्थशास्त्रात या स्थितीचे वर्णन नवे नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात एकट्या खरेदीदाराची मीमांसा केली. असा खरेदीदार श्रमाला त्याच्या उत्पादनाच्या मूल्यापेक्षा कमी मोबदला देऊ शकतो आणि ती तफावत त्याच्या खिशात राहते, हा तिचा गाभा. १९७४ साली जेराल्ड स्कली यांनी अमेरिकेतील बेसबॉलच्या आकड्यांवरून दाखविले की, एकाच मालकाशी जखडलेल्या खेळाडूंना त्यांनी मिळवून दिलेल्या उत्पन्नाचा अगदी लहान भाग वेतनरूपाने मिळत होता. पुढच्याच वर्षी लवादाने ती जखडणूक सोडविली आणि बेसबॉलमधील वेतने झपाट्याने चढली. खेळाडू तेच होते, चेंडू तोच होता. बदलली होती ती केवळ निघून जाण्याची मुभा. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला २०१८ च्या लिलावात ३६ लाखांच्या आसपास किंमत मिळाली आणि पुन्हा लिलावात उतरताच २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले. एका हंगामाच्या यशाचा त्यात वाटा आहेच. पण तो राखून ठेवला गेला असता तर त्या यशाचे मोल कोणाच्या पदरात पडले असते, हा प्रश्न प्रत्येक तरुण खेळाडूने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

या रचनेचे सर्वांत पूर्ण रूप पाहावयाचे तर अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलकडे वळावे लागते. तेथे १९६८ ते १९८४ या काळात एक लीग होऊन गेली. पेले न्यूयॉर्कच्या ज्या कॉसमॉस संघातून १९७७ साली कलकत्त्यात मोहन बागानविरुद्ध खेळून गेला, तो याच लीगचा. मालकांनी परस्परांवर कुरघोडी करीत ऐपतीबाहेर खर्च केला आणि लीग बुडाली. पुढे १९९४ च्या विश्वचषकाचे यजमानपद मिळविताना अमेरिकेने नवी अव्वल लीग स्थापण्याचे वचन दिले. १९९६ साली मेजर लीग सॉकर मैदानात उतरली ती जुन्या अपयशाचा धडा घेऊन. तिच्यात संघ स्वतंत्र मालकीचे नव्हतेच. सर्व गुंतवणूकदार एकाच कंपनीचे भागीदार झाले, त्यांना संघ चालवावयास मिळाले आणि सर्व खेळाडूंचे करार संघांशी न होता मध्यवर्ती कंपनीशी होऊ लागले. खेळाडू कोणाकडे जाणार आणि वेतनाचा अंदाजपत्रकी आकडा किती, हे कंपनी ठरवू लागली.

खाजगी संपत्ती आणि मुक्त स्पर्धा यांचा जगभर उपदेश करणाऱ्या देशातील धनिकांनी स्वतःपुरती सामुदायिक मालकी पत्करली, यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. नफातोटा वाटून घ्यावयाचा, स्पर्धा मैदानापुरती ठेवावयाची आणि मजुरांसमोर मात्र एकजुटीने उभे राहावयाचे. मालकांसाठी सहकार आणि खेळाडूंसाठी बाजार असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. २००७ साली एका खास नियमाने वेतनमर्यादेबाहेर एखादा नामवंत आणण्याची सवलत संघांना मिळाली. डेव्हिड बेकहॅम ६५ लाख डॉलरच्या मूळ वेतनावर आला. त्याच वर्षी त्याच लीगमधील उमेदवार खेळाडूंची किमान श्रेणी १२ हजार ९०० डॉलर होती. एकाच मैदानावर उभ्या असलेल्या दोघांच्या वेतनात पाचशे पट अंतर पडले.

खेळाडूंनी या रचनेला न्यायालयात आव्हान दिले होते. इयान फ्रेझर आणि त्याचे सहकारी १९९७ साली मक्तेदारीविरोधी कायद्याखाली लढावयास उभे राहिले. २००० साली खालच्या न्यायालयाने म्हटले की लीग ही एकच कंपनी असल्याने तिच्यातील भागीदारांनी आपसात कट केला असे म्हणता येत नाही. २००२ साली वरिष्ठ न्यायालयाला एकच कंपनी असल्याचा हा दावा तितकासा पटला नाही, पण निकाल खेळाडूंच्या विरोधातच कायम राहिला. त्यामागील एक कारण महत्त्वाचे होते. या खेळाडूंचा बाजार अमेरिकेपुरता मर्यादित आहे हे त्यांना पंचांपुढे सिद्ध करता आले नाही, कारण फुटबॉलपटूला युरोपात किंवा अन्य देशांत खेळण्याचा पर्याय होता. बऱ्हाणपूरची वाट मोकळी होती, असे आपल्या जिल्ह्याच्या भाषेत म्हणता येईल.

कबड्डीपटूला अशी वाट नाही. या खेळाची दुसरी श्रीमंत लीग जगात कोठेही नाही. उलट इराणचे खेळाडूच इकडे येतात. देशात दुसरे गिऱ्हाईक उभे राहावे म्हटले तर काय घडते, याचा अनुभव क्रिकेटने दिला आहे. २००७ साली झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली तेव्हा नियामक मंडळाने तिच्यात खेळणाऱ्यांवर बंदी घातली आणि ती लीग लवकरच मोडली. प्रक्षेपकाला 'दुसऱ्या लीगला मान्यता देणार नाही' असे आश्वासन दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१३ साली मंडळाला ५२ कोटी २४ लाखांचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला आणि २०१७ साली आयोगाने तो पुन्हा दिला. पण तोवर खेळाडूंची उमेदीची वर्षे निघून गेली होती. न्याय दहा वर्षांनी मिळतो आणि चढाईपटूचे गुडघे तितकी वाट पाहत नाहीत.

म्हणून अमेरिकेतील हकीकतीचा उत्तरार्ध आपल्याला अधिक उपयोगी आहे. न्यायालयात हरल्यानंतर तेथील खेळाडूंनी २००३ साली संघटना स्थापन केली आणि पुढच्या वर्षअखेरीस मालकांशी पहिला सामुदायिक करार केला. २०१० आणि २०१५ या दोन्ही वर्षी हंगामाच्या तोंडावर संपाची तयारी झाली. २०१५ च्या करारात २८ वर्षे वय आणि आठ वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला मर्यादित प्रमाणात संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. २०२० च्या वाटाघाटींत ही अट २४ वर्षे वय आणि पाच वर्षे सेवा इतकी खाली आली. संघटना प्रत्येक खेळाडूचे वेतन प्रसिद्ध करते, त्यामुळे कोणाला किती मिळते हे गुपित राहत नाही. कंपनी आजही एकच आहे, वेतनाची मर्यादाही आहे. पण ती मर्यादा आता एकट्या मालकांची घोषणा नसून दोन बाजूंनी सही केलेला करार आहे. ज्या अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल लीगच्या वेतनमर्यादांचे दाखले आपल्याकडील लीगचे समर्थक देतात, तेथे ती मर्यादा एकूण उत्पन्नाच्या जवळपास निम्म्या हिश्श्याशी बांधलेली आहे आणि हा हिस्सा संघटनेने भांडून मिळविलेला आहे. आपल्याकडे मर्यादा आयात झाली, हिस्सा मात्र तिकडेच राहिला.

यावर घेतले जाणारे आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, मर्यादा नसेल तर श्रीमंत मालक सगळे चांगले खेळाडू पळवतील, सामने एकतर्फी होतील आणि लीग बुडेल. यात तथ्य आहे; अमेरिकेतील जुन्या लीगचे मरण त्याचीच साक्ष देते. म्हणूनच मर्यादा रद्द करा अशी मागणी करण्यात अर्थ नाही. प्रश्न मर्यादा असावी की नसावी हा नसून, ती कोणाच्या संमतीने आणि उत्पन्नाच्या किती टक्क्यांवर असावी हा आहे. दुसरा आक्षेप असा की, लीग येण्यापूर्वी या खेळाडूंना काय मिळत होते? हाही पूर्ण खोटा नाही. पण ज्यांना कबड्डीचा इतिहास ठाऊक आहे ते जाणतात की पूर्वीच्या उत्तम खेळाडूला रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठे कारखाने नोकरीत घेत. पगार थोडा असे, पण गुडघा निकामी झाल्यावरही तो चालू राही, आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी हाती येई. आजही महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि खेड्यातील मुलाच्या आईवडिलांना लिलावापेक्षा त्याचाच भरवसा वाटतो. त्यांचे व्यवहारज्ञान चुकीचे नाही. लिलावातील रक्कम एका हंगामाची असते, दुखापत आयुष्याची असू शकते.

मध्यवर्ती मालकी खेळाडूला किती असुरक्षित करते, हे देशातील फुटबॉलने नुकतेच दाखवून दिले. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांच्या बदल्यात आपले सर्व व्यापारी हक्क एका खाजगी उद्योगसमूहाला देऊन टाकले होते. इंडियन सुपर लीग त्यातूनच उभी राहिली. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नवा झालेला नव्हता, म्हणून जुलै २०२५ मध्ये लीगच्या चालकांनी हंगाम स्थगित ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. महासंघ आणि कंपनी यांच्या वाटाघाटीच्या मेजावर खेळाडूंसाठी खुर्ची नव्हती. त्यांचे म्हणणे समाजमाध्यमांवरच्या आर्जवांतून ऐकू आले. तरी फुटबॉलपटूंची एक संघटना अस्तित्वात आहे आणि तिला आंतरराष्ट्रीय संघटनेचे पाठबळ आहे. कबड्डीपटूंपाशी तेवढेही नाही. स्टारचा भारतातील व्यवसाय २०२४ च्या अखेरीस रिलायन्सच्या व्यवसायाशी जोडला गेला आणि ज्या उद्योगसमूहाने फुटबॉलचे हक्क घेतले होते त्याच घराची सावली आता कबड्डीवरही पडली आहे.

या व्यवहारात ज्यांच्यावर बोलीच लागत नाही त्यांचा विचार तर आणखी दूर राहतो. २०१६ साली पुरुषांच्या हंगामासोबत तीन संघांची महिला स्पर्धा घेण्यात आली. ती पुढे चालविली गेली नाही. महाराष्ट्रातील मुलींनी या खेळाला दिलेले योगदान पाहता, त्यांच्यासाठी एक बाजारही नसावा आणि त्याबद्दल कोणी जाबही विचारू नये, ही एकाच खरेदीदाराच्या व्यवस्थेची सर्वांत शांतपणे स्वीकारली गेलेली बाजू आहे. ज्या मालाला तो हात लावीत नाही, त्याची किंमत शून्य होते.

मग करावे काय? संसदेने २०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात खेळाडूंच्या समित्यांची तरतूद आहे आणि ती स्वागतार्ह आहे. पण त्या कायद्याचा रोख महासंघांच्या कारभारावर आहे. खाजगी लीगमधील वेतनाच्या वाटाघाटींवर नाही. ती उणीव महाराष्ट्र शासन काही अंशी भरून काढू शकते. या लीगचे सामने पुण्यातील बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुलात झालेले आहेत. २०२४ च्या डिसेंबरातील अंतिम सामनाही तेथेच झाला. ते संकुल जनतेच्या पैशातून उभे राहिलेले आहे. ते भाड्याने देताना शासनाने चार अटी घालाव्यात : खेळाडूंच्या निवडून आलेल्या संघटनेला मान्यता, वेतनमर्यादा लीगच्या लेखापरीक्षित उत्पन्नाच्या ठराविक टक्क्यांशी जोडणारा लेखी करार, कारकीर्द संपविणाऱ्या दुखापतीसाठी विमा आणि निवृत्तिनिधी, आणि ठराविक वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला आपला संघ निवडण्याची मुभा. यांपैकी एकही अट लीग बुडविणारी नाही. परंतु संघटना आधी खेळाडूंनाच उभारावी लागेल. बड्या बोलीच्या खेळाडूंनी तिचे नेतृत्व केले नाही, तर नऊ लाखांच्या श्रेणीतील मुलाने तोंड उघडण्याचे धाडस करावे ही अपेक्षा अन्यायाची ठरेल.

कापूस एकाधिकाराच्या योजनेचे गुणदोष या जिल्ह्याने भरपूर भोगले. रखडलेले चुकारे आणि प्रतवारीतील लबाडी कोणी विसरलेले नाही. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडले गेले तेव्हा त्या योजनेसाठी फारसे कोणी रडलेही नाही. तरी तिच्यात एक गोष्ट होती. भाव पटला नाही तर शेतकरी आमदाराला अडवू शकत होता, रस्त्यावर बसू शकत होता, सरकार बदलू शकत होता. १९८६ साली सुरेगावला कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी गोळ्याही झेलल्या, कारण भाव ठरविणारा कोण आणि तो कोठे बसतो हे त्यांना ठाऊक होते. खेळाडूंच्या एकाधिकारात हमीभाव नाही, विधिमंडळ नाही आणि बऱ्हाणपूरही नाही. संघटना तेवढी होऊ शकते, आणि ती कोणाच्या परवानगीची वाट न पाहता पुढच्या लिलावापूर्वी होऊ शकते.